ढोल, पोट आणि मांडीची नस

पन्नाशी उलटल्यावर मी ढोलपथकात नाव घातलं. धायरीतल्या आमच्या सोसायटीत या बातमीचं स्वागत "घेतलं कुणी?" असं झालं. मी चिडून सगळ्यांना विसर्जन मिरवणुकीचं आमंत्रणच देऊन टाकलं.

पथकातली बहुतेक मंडळी माझ्या मुलांच्या वयाची. त्यांच्यात आपलं पोट उठून दिसू नये म्हणून मी ढोलाचा पट्टा असा काही आवळायचो की पोट वर सरकून छातीच्या नावाखाली वावरू लागलं. आरशात रुबाब होता. श्वास जमेल तसा घ्यायचो.

मिरवणूक तोंडावर आली आणि एका सकाळी उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधिर झाली. चिमटा काढला, कळेना. मधूनच नुसती आग. मी पलंगावर आडवा होऊन बायकोला खोल आवाजात म्हणालो, "अर्धांगवायू दिसतोय. मुलांना बोलावून घे."

"अर्धांगवायू झालेला माणूस आत्ता दोन जिने उतरून पाव घेऊन आला?"

खरी धास्ती वेगळीच होती. आमची पथकप्रमुख म्हणजे कॉलेजात शिकणारी एक मुलगी. तिने बजावलं होतं, "काका, रविवारी शेवटचा सराव. शेवटपर्यंत वाजवलंत तर मिरवणुकीत. नाहीतर पाण्याच्या बाटल्या वाटा." सगळ्या सोसायटीदेखत बाटल्या!

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उचलायला लावला, मग विचारलं, "कमरेला काही घट्ट बांधता का?"

"ढोल. जड असतो ना."

"ढोलासाठी नाही हो," बायको म्हणाली, "पोटासाठी आवळतात."

बाईंनी कागदावर एक रेघ काढली. पाठीच्या कण्यातून निघालेली, कमरेच्या हाडाजवळून मांडीच्या कातडीपर्यंत गेलेली. "ही नस फक्त कातडीची खबर मेंदूला पोचवते. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा वेगळ्या. तुम्ही हिला कमरेपाशी दाबलंत. पण मेंदूला ते कळत नाही. खबर मांडीच्या नसेतून आली, म्हणजे बिघाड मांडीतच, असं तो धरून चालतो."

म्हणजे मांडी निर्दोष, मेंदू भाबडा आणि गुन्हेगार मी.

"पण पाय चालेल ना?"

"आत्ता चालतच आलात ना? पट्टा सैल करा. बधिरपणा हळूहळू जाईल."

रविवारी मी पट्टा सैल बांधून सरावाला उभा राहिलो. पोट पूर्ण वैभवात बाहेर. पथकप्रमुख बघतच राहिली. "काका, हे इतके दिवस कुठे होतं?"

पोरं फिदीफिदी हसली. मी टिपरू उचललं. आणि गंमत म्हणजे, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पोटभर श्वास घेता आला. हात असे पडायला लागले की हसणारे गप्प. शेवटच्या ठोक्यापर्यंत मी रांगेत होतो. "मिरवणुकीला या," एवढंच पथकप्रमुख म्हणाली.

विसर्जनाच्या दिवशी मांडी अजून थोडी बधिर होती, पण पाय माझा होता. सोसायटीची मंडळी दोरीपलीकडे उभी. रांगेतला माझ्या शेजारचा जिमवाला तरुण पोटरीत गोळा येऊन खाली बसला, मी वाजवतोय. चौक आला, टाळ्या, शिट्ट्या, गुलाल, मी वाजवतोय. ताशा थांबला, तरी मी वाजवतोय.

पथकप्रमुख धावत आली. "काका, पुरे! मागचं पथक खोळंबलंय."

"खोळंबू दे," मी म्हणालो.