गोठवायचे अडीच हजार

त्यानं माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स दोन बोटांत धरली, टेबलावर टाकली आणि हाताला सॅनिटायझर चोळलं. माझ्या देखत.

मी धुळ्यात एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आईबाप मोह वेचतात, पावसावर पिकेल तेवढं पिकवतात. महिन्याचा पगार घेणारी घरातली मी पहिली. ड्युटीवर जायला स्कूटर हवी होती, म्हणून कर्ज जुळवून देणाऱ्या त्याच्या दुकानात गेले होते. बाकावर पाच-सहा गिऱ्हाइकं बसलेली.

त्यानं माझा क्रेडिट रिपोर्ट काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "हप्त्यावर दोन मोबाइल उचललेत. एकही हप्ता भरला नाही."

"साहेब, मी घेतलेच नाहीत."

"तुमच्या डोंगराकडच्या लोकांचं मला माहीत आहे. खाली यायचं, उचलायचं आणि वर पळायचं."

बाकावरचे दोघं हसले. माझ्या शेजारच्या बाईनं आपली पर्स उचलून मांडीवर घेतली.

मग तो जरा नरमला. "कोणीतरी तुमच्या कागदांवर घेतले असतील. पुढंही घेतील. रिपोर्ट गोठवून टाकतो, म्हणजे तुमच्या नावावर कोणाला कर्ज मिळणार नाही. सरकारी फी आहे, अडीच हजार."

मी दिले. नुसते दिले नाहीत, हात जोडून दिले. "तेवढं करा साहेब," म्हणाले. त्या माणसाची किळस मला नंतर आली. आधी आली ती माझ्या जोडलेल्या हातांची.

दोन महिन्यांनी दवाखान्याच्या फोनवर वसुलीवाल्याचा फोन आला. आता माझ्या नावावर टीव्ही होता. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "हे काय चाललंय?" मी तशीच दुकानात गेले.

"लॉक उघडलं असेल," तो म्हणाला. मान वर न करता. "परत गोठवावं लागेल. परत फी."

"आधीच्या पैशांची पावती द्या."

"पावती घेऊन काय करणार? वाचता तरी येते का?"

मी रोज डॉक्टरांचं अक्षर वाचते. कुठल्या पेशंटला कुठलं इंजेक्शन, किती, केव्हा, हे वाचते. चुकीचं वाचलं तर माणूस मरतो. दुसऱ्यांदा फी न देता बाहेर पडले आणि थेट दवाखान्यात परत आले.

दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर अक्का बसतात. पंचावन्नच्या पुढच्या, धुळ्याच्याच. माझा चेहरा बघून त्यांनी सगळं काढून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा पेन थांबला.

"पैसा कसाले दिधा व माय? नोंद खोडानं तं फुकट शे."

त्यांच्या नावावरही एकदा असंच कोणाचं तरी कर्ज चढलं होतं. त्यांनी मला समोर बसवलं. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चुकीची नोंद खोडायची तक्रार फुकट करता येते. नियमच आहे तसा. आणि गोठवणं? तसलं काही त्या माणसाच्या हातात नव्हतंच. त्यानं मला नसलेली वस्तू विकली होती. वर माझीच जात, माझाच डोंगर काढला होता.

रिपोर्ट मी माझ्या मोबाइलवर काढला. पानन् पान वाचलं. पोलिसांत अर्ज दिला. तक्रारी लिहिल्या, मराठीत, माझ्या अक्षरात. महिनाभरानं तिन्ही नोंदी निघाल्या. एक पैसा लागला नाही.

अक्का म्हणाल्या, "जिंकनी ना? आते सोडी दे."

मी सोडलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात त्या दुकानावर तक्रार टाकली. एवढ्या रकमेच्या दाव्याला तिथंही फी नाही.

पहिल्या तारखेला तो आयोगाच्या व्हरांड्यात भेटला. हातात पाकीट. आता मी 'ताई' झाले होते. "ताई, घरातल्या घरात मिटवू. तुमचे अडीच हजार आणि वरचे पाचशे ठेवलेत. कशाला तारखा करता?"

"लिहून द्या."

"काय लिहू?"

"पैसे कशाचे घेतले ते. आणि मला काय बोललात ते."

त्यानं पाकीट खिशात घातलं. "तुम्ही लोक ना..." म्हणाला आणि थांबला. शेजारी त्याचा वकील उभा होता.

दुसरी तारीख झाली, तिसरी झाली. प्रत्येक तारखेला माझी एक रजा जाते. जाऊ दे. निकाल काय लागेल मला माहीत नाही. पण तडजोडीच्या कागदावर माझी सही होणार नाही. त्या दिवशी बाकावर बसलेल्यांना त्यानं जेवढ्या मोठ्यानं ऐकवलं, तेवढ्याच मोठ्यानं त्याला आयोगासमोर उत्तर द्यावं लागेल. मी उभी राहून ऐकणार आहे.