लंगडी मेंढी पुढं

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या दिवाळीत आम्ही नवरा-बायको सोलापूरहून एस्टीनं महाबळेश्वरला गेलो. बायकोचा गुडघा दुखरा, म्हणून मी तासाभरात जाऊन येण्यासारखी एखादी वाट शोधत होतो. मुक्कामाच्या बंगल्यामागं एक धनगर मेंढरं चारत होता. आमची बोली ऐकून हसला. तो सांगोल्याकडचाच निघाला.

"चला की, दरी दावतो," म्हणाला आणि मेंढरं कुत्र्याच्या भरवशावर सोडून निघाला. खांद्यावरच्या झोळीत कालच जन्मलेलं कोकरू होतं. त्याच्या डोक्यावरून याचा हात सारखा फिरत होता.

मास्तरकीच्या सवयीनं मी पुढं झालो, तर त्यानं काठी आडवी धरली.

"तुमी मागं. वैनीस्नी फुडं घाला. लंगडी मेंढी फुडं असली, की कुनी मागं ऱ्हात न्हाय."

बायको आता रागावणार, अशी मला धास्ती वाटली. ती मात्र हसतच पुढं झाली. आम्ही दोघं तिच्या चालीनं चाललो, आणि कोकणातली ती हिरवीगार दरी सगळ्यांत आधी तिनं पाहिली.

आता माझाच गुडघा गेलाय. संध्याकाळी तळ्यावर फिरायला निघालो, की बायको दारात थांबते आणि मला पुढं घालते.