पुण्याची पार्टी आणि अण्णांचा गण

कोल्हारहून नगरला गाणी ऐकायला जायचं तर आज काय लागतं? गाडी काढायची, पट्टा घट्ट आवळायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. आम्ही गेलो तेव्हा रस्ता अरुंद होता, पण धड होता. आता रुंद झालाय. कुणी जाणार असाल तर चहा निघायच्या आधीच घ्या, पुढे हातात कप धरवत नाही.

हा प्रवास एकाहत्तरच्या लढाईच्या आधीच्या हिवाळ्यातला. नगरच्या कॉलेजात नापास होऊन मी गावी परतलो होतो आणि साखर कारखान्यात चिकटलो होतो. पदवी काही आणली नाही, रॉकचं वेड तेवढं आणलं. खोलीतल्या जोडीदाराकडे रेकॉर्ड प्लेअर होता, त्याचा हा प्रताप. गावी आल्यावर मी रेडिओची तार कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत चढवली आणि खरखरीतून परदेशी गिटार शोधत बसायला लागलो. आई म्हणायची, "ह्याला काय झालंय ते एकदा डॉक्टरला दाखवा."

पण सगळ्यात लाडका होता तो पुण्याचा बँड. मी त्यांना पुण्यात एकदाच प्रत्यक्ष ऐकलं होतं. गाणारा रॉनी डोळे मिटून असा काही सूर लावायचा की टाळ्या वाजवायचं भान राहायचं नाही. ड्रमवर केकी. तो काठी हवेत भिरकावून झेलायचा आणि ठोका म्हणून चुकायचा नाही. रॉनीचा मासिकातला फोटो मी माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता. या पोरांना आपल्या जत्रेत एक संध्याकाळ वाजवायला आणायचं, हे माझ्या डोक्यानं घेतलं. त्यापुढे मला जेवण गोड लागेना.

जत्रा कमिटीचे प्रमुख म्हणजे माझे चुलते, अण्णा. तमाशाच्या फडाला सुपारी द्यायची, म्हणजे नारळ-विडा आणि विसार देऊन कार्यक्रम पक्का करायचा, हे काम पिढीजात त्यांचं. आणि फड स्वतः ऐकल्याशिवाय अण्णांनी कधी सुपारी दिली नाही. नगरच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला तो बँड येतोय असं कळलं, तसा मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

"पुण्याची पार्टी आहे अण्णा. एकदा ऐका."

"ढोलकी हाय का?"

"ड्रम आहेत. चार-पाच ढोलक्या एकदम म्हणा ना."

"मंग चार-पाच मानसं लागत आसतील वाजवायला."

"एकच माणूस वाजवतो."

अण्णांनी खुंटीवरचा फेटा काढला. "एकच? बघाया पाह्यजे."

सकाळच्या एस्टीनं निघालो. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यामुळे कारखान्यापर्यंत एस्टी बैलांच्या चालीनं गेली. राहुरीला अण्णांनी भज्यांचा पुडा घेतला आणि शेजारच्या अनोळखी बाईच्या पोराला आधी दिला. विळदचा घाट चढताना मी त्यांना रॉनी आणि केकीबद्दल सांगत होतो. ते मन लावून ऐकत होते, मधूनच विचारत होते, "रोज रियाज करत्यात का?" त्यांनी सोबत पिशवी घेतली होती. तिच्यात काय आहे ते मी विचारलं नाही. नगरला उतरल्यावर स्टँडजवळ मिसळ खाल्ली. अण्णांनी वरून दोनदा रस्सा मागितला आणि "बरी हाय" एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून म्हणजे हे प्रशस्तीपत्रकच.

दुपारी कॉलेजच्या मैदानात मांडव. घोळदार पॅन्ट घातलेली पोरं, दोन वेण्यांतल्या मुली, पुढच्या रांगेत प्राध्यापक. फेटा एकच, अण्णांचा. मी कसंबसं पाचव्या रांगेत जागा मिळवली. रॉनी आला, केकीनं काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि पहिलंच गाणं असं धडाडलं की माझ्या अंगावर काटा आला. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा उभे राहिले होते.

"थांबा," ते म्हणाले. "ओ पाव्हनं, थांबा जरा."

त्यांचा आवाज वावराच्या या टोकापासून त्या टोकाला पोचणारा. आधी गिटार थांबली, मग केकी. रॉनीनं माईकवर विचारलं, "काय झालं, काका?"

"गण राह्यला."

तमाशात सगळ्यात आधी गण होतो, गणपतीला नमन. ते झाल्याशिवाय आमच्याकडे ढोलकीवर थाप पडत नाही, आणि पडली तर जाणता माणूस उठून थांबवतो. अण्णांनी जत्रेत दोन फड असे थांबवले होते, आणि फडवाल्यांनी कानाला हात लावून माफी मागितली होती. इथं मांडवात कुठून तरी हसू फुटलं आणि पसरत गेलं.

"आधी गण म्हना," अण्णा म्हणाले. "मंग दिवसभर वाजवा, कोन नको म्हनतंय? आमच्या पुतन्यानं लई आशेनं आनलंय मला. ऊठ रं, दिसू दे त्यास्नी."

मी उठलो. न उठून सांगतो कुणाला? सगळा मांडव माझ्याकडे वळला. आणि रॉनीनं माईक तोंडाशी नेऊन, अण्णांचा आवाज काढून म्हटलं, "आदी गन म्हना!" केकीनं त्यावर ड्रमचा एक ठोका दिला. प्राध्यापकसुद्धा हसले.

अण्णा खाली बसले. फेटा सारखा केला. पुढे बँड तासभर तरी वाजला असेल, माझी आवडती गाणी सगळी वाजली असतील. मला एकही ऐकू आलं नाही. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसलो. लाज वाटली हो. अण्णांची वाटली, माझी स्वतःची वाटली, आणि ट्रंकेतल्या त्या फोटोचीही वाटली.

कार्यक्रम संपल्यावर मी आधी बाहेर सटकलो आणि रसवंतीपाशी उभा राहिलो. अण्णा बऱ्याच वेळानं आले. एस्टीत बसलो. राहुरीला या खेपेला अण्णांनी भजी घेतली नाहीत.

"लाज वाटली व्हय रं माझी?" त्यांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं.

"हो, अण्णा."

"मला बी वाटली. शिकल्याली मानसं हसली की वाटतीच."

"मग उठलात कशाला?"

"न्हाई उठलो आसतो, तर घरी जाऊन वाटली आसती. ती वंगाळ." मग ते म्हणाले, "त्यो काठ्यावाला लई गुनी हाय. सुपारी दिली त्यास्नी."

पिशवीत नारळ होता तर! "अण्णा, नको. ते आपल्या गावाला हसतील."

"गण म्हनायचा, ह्या बोलीवर दिलीय. त्यो गानारा, लांब केसावाला, व्हय म्हनलाय."

जत्रेपर्यंतचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. ज्या गोष्टीसाठी जिवाचं रान केलं, ती टळावी म्हणून मी जत्रेच्या देवीलाच नवस बोललो. वीज जाऊ दे, त्यांची गाडी घाटात बंद पडू दे. देवीनं ऐकलं नाही. दिवेलागणीच्या आधीच बँडची मॅटाडोर गाडी गावात शिरली.

जत्रा आजही भरते. जाणार असाल तर गाडी लांब लावा आणि दर्शन सकाळी उरका. तेव्हा देवळापुढच्या पटांगणात सगळा गाव मातीत बसला होता, बाया एका बाजूला, पोरं पुढं. अण्णा घोंगडी टाकून मधोमध. मी पार मागे, पाळण्यांच्या कडेला.

रॉनी पुढे आला, नगरला होता तोच नक्षीचा शर्ट घालून. माईक त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. त्यानं गण सुरू केला. पुण्यातल्या कुठल्या तरी भजनी म्हाताऱ्याकडून शिकून आला होता म्हणे. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत 'ण' आणि 'ळ' दोन्ही घसरले. तिसरी तो विसरला. मग पुन्हा पहिली म्हटली, पुन्हा अडकला. घाम पुसला. केकी ड्रमवर हात ठेवून नुसता बसून होता. मी डोळे गच्च मिटले. आता हसतील. आता कुणीतरी शिट्टी मारील.

कुणी हसलं नाही. डोळे उघडून बघतो तर बायांनी पदर डोक्यावर घेतला होता. समोरच्या शेंबड्या पोरांनीसुद्धा हात जोडले होते. गण चालला होता, त्यात हसायचं काय? रॉनीनं चौथ्या खेपेला तो कसाबसा पुरा केला आणि अण्णांकडे बघितलं.

"झालं," अण्णा म्हणाले. "आता वाजवा तुमचं."

केकीनं काठी हवेत फेकली, झेलली, आणि गावानं कौतुकानं एकच "आरारारा" केलं. माझ्या मात्र डोक्यात भलतंच आलं. नगरच्या त्या मांडवात दुसऱ्या कुणाचा चुलता फेटा घालून उठला असता, तर मी हसलो असतो. सगळ्यांच्या आधी हसलो असतो. अण्णांनी मागे वळून मला शोधलं आणि घोंगडीवर शेजारची जागा थोपटली. मी गर्दीतून वाट काढत गेलो आणि बसलो, पण बँडकडे बघायला माझी मान वर होईना.