खुर्चीवरचा टॉवेल

वन्सं गेल्याचं कळल्यावर पहिला फोन आला तो आमच्याच महापालिकेत येणाऱ्या चौक गावातून, त्यांच्या विद्यार्थिनीचा. विद्यार्थिनी म्हणजे पन्नाशीची बाई, यंदा पहिल्यांदाच नगरसेविका झालेली. "बाई गेल्या, खरं हाय का?" मी हो म्हटलं. ती रडली, आणि लगेच म्हणाली, "थांबा हां, आमचे हे बोलतील." मग तिच्या नवऱ्याने तिच्या वतीने दुःख व्यक्त केलं. हे एक वाक्य बायकांच्या तोंडातून घालवण्यासाठी वन्संनी घसा फोडला, आणि त्यांच्याच दुखवट्याच्या फोनवर तेच वाक्य!

वन्सं माझी मोठी नणंद. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर भावाकडे म्हणजे आमच्याकडे बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमध्ये आल्या. नव्याने निवडून आलेल्या बायकांना सभेत कसं बोलायचं, अधिकाऱ्याला कसं भेटायचं हे शिकवणारी एक संस्था आहे, तिच्या शिबिरांना जायला लागल्या. जाण्याबद्दल माझं काही नव्हतं. पण प्रत्येक शिबिराआधी तालीम आमच्या हॉलमध्ये, आणि कधी सोसायटीच्या मीटिंगलासुद्धा न गेलेली, चौथी शिकलेली, दूधवाल्याशीही खाली बघून बोलणारी मी त्यांची 'नवीन सदस्या'! "तुला जमलं तर कोणालाही जमेल," म्हणायच्या. हे कौतुक होतं की टोमणा... मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर त्या पांढरा टॉवेल टाकायच्या. सरकारी कचेरीत साहेबाच्या खुर्चीवर असतो ना, तसा. त्यावर आमच्या ह्यांना बसवायच्या. हे तर साहेब झाले की खुशाल पायावर पाय टाकून चहा मागायचे.

"बस," वन्सं मला म्हणायच्या. मी उभीच. "अगं, समोरची खुर्ची ओढ आणि बस. टॉवेल बघून काय घाबरतेस? अंग पुसायचा आहे तो."

"वन्सं, आमटी उतू जाईल."

"आमटी विषयपत्रिकेवर नाही. बोल, तुझ्या वॉर्डात पाणी का येत नाही?"

"हे सांगतील."

"हे समोर साहेब झालेत! हे कसे सांगतील? पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा पहिल्यापासून म्हणजे दाराबाहेर जायचं, बेल वाजवायची, आत यायचं. शेजारची गुजराती बाई विचारायची, "भाभी, चाबी भूल गई क्या?" आवाज लहान पडला की वन्सं बोट वर करायच्या... मोठ्याने. आमटी करपली तर तीही चूक माझीच, कारण सदस्येनं वेळेचं नियोजन करायला हवं.

मग त्यांचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात डॉक्टर विचारायचे, "दुखतंय का?" आणि हे सांगायचे, "हो, रात्रभर." वन्सं भडकायच्या. "बाळू, पोट माझं आहे!" एकदा मी त्यांचे केस विंचरत होते तेव्हा हळूच म्हणाल्या, "माझं आता काही बरं होत नाही. ती श्वासाची नळी, ते मशीन, मला लावू देऊ नका. बाळूला सांगितलं तर तो ऐकूनच घेत नाही. तू सांग." मी म्हटलं, "मी? तुम्हीच ह्यांना एकदा..." त्यांनी डोळे मिटून घेतले. हॉलमध्ये मी 'हे सांगतील' म्हटलं की मिटायच्या तसेच.

आणि ती वेळ आली. वन्संना मास्क लावला होता, बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं आणि मशीनचं विचारलं. हे हात जोडून उभे. "काय लागेल ते करा डॉक्टर, माझी बहीण आहे." मी ह्यांच्या मागे. डॉक्टरांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल होता. मला वन्संचा इतका राग आला म्हणून सांगू! आयुष्यभर शिकवायला बायका मिळाल्या होत्या, आणि हे काम ठेवलं माझ्यासाठी. मी खुर्ची ओढली, बसले. म्हटलं, "त्यांना नळी नकोय. त्या स्वतः मला म्हणाल्यात."

"तुला कोणी विचारलं?" हे ओरडले. पण डॉक्टर उठले. आम्हाला घेऊन वन्संजवळ गेले आणि म्हणाले, "तुमच्या वहिनी म्हणतात, तुम्हाला मशीन नको." वन्संनी मान हलवली, नको. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी शाबास म्हणतील डोळ्यांनी. तर बाईंनी चादरीवरून बोट वर केलं. मोठ्याने! मी तिथे काही बोललेही नव्हते, डॉक्टरच बोलले होते. पण त्यांना बहुतेक ह्यांच्यासमोर, माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. मी पुन्हा सांगितलं. ह्यांच्याकडे बघून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. हे पलंगाचा दांडा धरून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं गेल्या. चेहऱ्यावर मास्कचे वळ होते, बाकी शांत.

भेटायला येणाऱ्यांना हे सांगतात, "डॉक्टरांना हिनेच सांगितलं." तक्रार करतात की आणखी काही, कळत नाही. भावंडांची बोलण्याची पद्धत एकच... समोरच्याने ओळखत बसावं.

खुर्ची हॉलमध्ये तशीच आहे, टॉवेल पाठीवर. काल ह्यांनी तो उचलला. "धुवायला टाकतो गं." मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "राहू द्या." त्यांना ऐकू गेलं नाही. टॉवेल घेऊन ते मोरीकडे निघाले. मी गॅस बंद केला, हॉलमध्ये आले आणि पुन्हा म्हटलं.