साहेबाचं जेवणाचं आमंत्रण

मस्कतच्या अल् घुब्रा भागात राहणारे इंजिनिअर प्रेमानंद गमरे ब्रिटिश शिष्टाचाराचे स्वयंघोषित प्राध्यापक होते. अमेरिकेत वाढलेली भाची रश्मी मस्कतला अरबी शिकायला आली, तेव्हा त्यांनी तिला पहिलाच धडा दिला. "आमचा ब्रिटिश साहेब दर गुरुवारी म्हणतो, घरी जेवायला या. आपण हसायचं, जायचं नाही. अकरा वर्षं मी हेच करतोय."

रश्मीने ऑफिसच्या पार्टीत साहेबाला सरळ विचारलं, "कुठल्या दिवशी येऊ?" मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी साहेबाच्या बायकोने दार उघडलं. "आलात एकदाचे. मला वाटायचं, आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही."

मामांच्या आजोबांना गावात विटाळ नको म्हणून लोक ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मामांनी उकडलेले बटाटे तीनदा मागून घेतले.