धिंगरीचा अख्खा गुच्छ

आप्पांनी घास तोंडापर्यंत नेला, निरखून बघितला आणि परत ताटात ठेवला. त्यांच्या पंगतीतले चाळीस हात तिथेच थांबले.

जुन्या जालन्यातले धान्याचे व्यापारी मोईनशेठ यांच्या मुलीचं लग्न होतं. कनातीच्या एका बाजूला बिर्याणी, दुसऱ्या बाजूला त्यांच्याकडे माल घालणाऱ्या भोकरदनकडच्या शेतकऱ्यांची शाकाहारी पंगत. ती माझ्याकडे होती. मी बदनापूरला शाकाहारी केटरिंग करते. शेगड्या, भांडी, वाढपी, पिण्याचं पाणीसुद्धा मी वेगळं आणलं होतं.

पंगतीतला वडीलधारा उठला की मागे कुणी बसत नाही. आप्पा उठले असते, तर शेठच्या दारातून लग्नाच्या दिवशी चाळीस माणसं उपाशी गेली असती. आणि मला पुन्हा कुणी शाकाहारी म्हणून बोलावलं नसतं.

"मॅडम, हे कोंबडं हाय," आप्पा म्हणाले.

"मशरूम आहे, आप्पा."

"म्या माळकरी हाय, आंधळा न्हाई. दोरे दिसून राह्यले."

"तुमाला काय माहीत कोंबड्याचे दोरे?" शेजारच्याने विचारलं.

"माळ घालून धा वर्षं झाली. त्याच्या आधीचं आठवतं की."

दोरे दिसत होते, हे खरं. आमच्याकडे तीन मशरूम येतात. बटण पाणी फार सोडतं, म्हणून मोठ्या आचेवर परतायचं; चिरलं तरी त्याची छत्री ओळखू येते. दुधी अळिंबी उन्हाळ्यातली, जाड दांड्याची. तिचे तुकडे घट्ट राहतात, पुलावाला चांगली. हिवाळ्यात धिंगरी, शिंपल्याच्या आकाराची. ती चिरत नाहीत, हाताने उभी फाडतात, म्हणजे मसाला रेषांमध्ये मुरतो. आज तीच होती, आणि शेठने भाजी झणझणीत सांगितली होती. मी काळा मसाला घातला, वर लाल तर्री आणली. एवढं केल्यावर ती कोंबडीसारखी दिसली नसती तरच नवल.

मोईनशेठ धावत आले. "आप्पा, खुदा की कसम..."

"शेठ, कसम नको," मी म्हणाले. कसम खाल्ली की संशय वाढतो.

नशिबाने न फाडलेल्या धिंगरीचा एक क्रेट उरला होता. आमच्या सुमनबाईंनी तो आणून पंगतीत ठेवला. मी एक अख्खा गुच्छ उचलला आणि आप्पांसमोर फाडला. तेच दोरे निघाले.

आप्पांनी वास घेतला. "ही तर कुत्र्याची छत्री! उकिरड्यावरची!"

मी कोंबडीतून सुटले, ती उकिरड्यावर आले.

"उकिरड्यावरची कोणती विषारी ते मलाही कळत नाही," मी म्हणाले. "म्हणून ती मी घेत नाही. ही लावलेली आहे. सोयाबीनचं भुसकट गरम पाण्यातून काढून पिशव्यांत भरतात, त्यावर येते."

"भुसकट कुठलं?"

"तुमच्याच भागातलं."

"अन् आमी पेटवून देतो," मागून कुणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले. आप्पा हसले नाहीत.

"डोळ्यासमोर करून दावा मंग."

शेगडी पंगतीशेजारी आणली. तेल, कांदा, हिरवी मिरची, धिंगरी, मीठ. पाणी आटेपर्यंत परतलं, वरून कोथिंबीर. पंधरा मिनिटं गेली. कुणी उठलं नाही, कुणी जेवलंही नाही. चाळीस माणसं माझ्या कढईकडे बघत बसली होती. लेकीचं लग्न सोडून मोईनशेठही.

आप्पांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

"बरी हाय. मसाल्यानंच घोळ केल्ता." मग शेठकडे वळून म्हणाले, "तुमी का उभे? पाहुणे बघा तिकडले."

चाळीस हात हलले.

तर्रीचं पातेलं तसंच राहिलं. शेठने ते आपल्या भांड्यात ओतून घेतलं आणि मशरूम आहे असं सांगून कनातीपलीकडे पाठवलं. अर्ध्या तासात संपलं. तिकडून एकच तक्रार आली: "अजी, मुर्गे में हड्डीच नहीं डाले?"

तेव्हापासून धिंगरी करायची असली की मी एक अख्खा गुच्छ आधीच बाजूला काढते आणि भाजीच्या पातेल्याशेजारी ठेवते. बोलावं लागत नाही.