आवाज कामावर, बाई घरी

तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर भोंगाताई, पाठीमागे नुसतं भोंगा. आवाजच तसा! लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूबाईंनी हात जोडले होते, "अगं, मी शेजारी बसलेय, नदीपलीकडे नाही!" पण त्याच आवाजावर नगरपालिकेनं तिला बागेत अर्धवेळ कामाला घेतलं. संध्याकाळी बाग बंद करताना फाटकाशी उभी राहून ती एक हाक द्यायची, की झुडपांमागे बसलेल्या जोडप्यांसकट सगळे बाहेर. पगार अर्धा, आवाज मात्र कुणी अर्धा चालवून घेतला नसता.

मग साथ आली. बाग बंद, नवऱ्याचं केस कापायचं दुकान बंद, घर काय ते भोंगाच्या पगारावर. तिला कर्ण्याच्या गाडीत बसवलं. "घोळका करू नका. आपापल्या घरी जा. ताप अंगावर काढू नका. लस टोचायला शाळेत या." गल्लीबोळातून ती असं सांगत फिरायची आणि लोक चक्क ऐकायचे. आरोग्य खात्याचे साहेब खूश. एक दिवस म्हणाले, "बाई, जरा यंत्रात बोलून ठेवा. उद्या घसा बसला तर पंचाईत नको." भोंगानं मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, केस नीट विंचरले (आवाजाला केस दिसतात का, पण विंचरले) आणि जीव ओतून बोलली. एक शब्द अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. तिथंच चुकलं बिचारीचं. जरा वाईट बोलली असती तर काय बिघडलं असतं?

लगेचच अर्धवेळवाल्यांना नारळ मिळाला. कारण काय, तर संकटात काटकसर. आणि काटकसर कुणावर? फवारणीवाल्यावर, दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या ताईवर, आजाऱ्यांच्या खोल्या पुसणाऱ्या मावशीवर. घराला आग लागली म्हणून पाणी वाचवत बसावं, तसला हा शहाणपणा. साहेबांच्या केबिनमधला एसी मात्र अत्यावश्यक सेवेत मोडत होता.

भोंगाच्या आवाजाची नोकरी तेवढी शाबूत राहिली. गाडी रोज सकाळी तिच्याच दारावरून जाई आणि तिचाच आवाज तिला घरात बसायला सांगे. "ऐक गं बाई," सासूबाई म्हणत, "एवढं समजावून सांगतेयस तर."

शेवटी काढून टाकलेल्या सगळ्यांनी ठरवलं, गप्प बसायचं नाही, नगरपालिकेसमोर उभं राहायचं. राहिलेही. नियमानं, एकमेकांत अंतर ठेवून. नगरपालिकेचीच माणसं ती, मुरलेली! भोंगा घोषणा द्यायला तोंड उघडते तोच कोपऱ्यावरून गाडी आली. "घोळका करू नका. आपापल्या घरी जा." आणि काय सांगू, मंडळी वळली की हो! फवारणीवाला तर चौक ओलांडून पलीकडे गेला.

"अहो, मी इथं आहे! ते यंत्र आहे, यंत्र!" भोंगा ओरडली.

"ताई, तूच म्हणालीस ना जा म्हणून," तो गोंधळून म्हणाला. "सवय लागलीय गं."

साथीचे सगळे दिवस तिच्या हाकेवर धावलेली माणसं ती. आंदोलन मोडायला नगरपालिकेला पोलीससुद्धा लागला नाही. भोंगा घरी येऊन ढसाढसा रडली, आणि तेही अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

पुढं लस टोचायचं केंद्र शाळेतून बाजाराच्या इमारतीत हलवलं. यंत्राला हे कोण सांगणार? ते आपलं "शाळेत या, शाळेत या" करत हिंडत राहिलं. साहेबांनी स्वतः कर्ण्यावर बोलून बघितलं, तर लोकांना वाटलं कुणीतरी भंगार घ्यायला आलंय. बंद शाळेसमोर म्हातारी माणसं उन्हात रांग लावून उभी. साहेब धावतपळत भोंगाच्या दारात.

"बाई, एकच वाक्य बदलायचंय. तुम्हाला परत घेतो."

"आणि बाकीच्यांना?"

"तुम्ही तुमच्यापुरतं बघा ना."

सासूबाई मागून चिमटे काढत होत्या, हो म्हण, हो म्हण. नवरा जमिनीकडे बघत होता. भोंगालाही हो म्हणायचंच होतं, उगाच खोटं कशाला बोला? किराणा संपत आला होता. पण समोरच्या खिडकीत केसपेपरवाली ताई उभी होती. सगळं ऐकत होती.

"यंत्रात बोलणार नाही," भोंगा म्हणाली. "एकदा बोलले तेवढं पुरे झालं."

चपला घालून ती निघाली. वाटेत काढून टाकलेल्या एकेकाला हाका मारून घराबाहेर काढलं आणि सगळे मिळून शाळेपाशी गेले. म्हाताऱ्यांना धरून, खुर्च्या उचलून, अख्खी रांग बाजाराच्या इमारतीत आणून सोडली. साहेब मागून गाडीतून आले ते टाळ्या वाजवतच. "वा! याला म्हणतात सेवाभाव. चला, आता बसा कामाला."

सगळे बसले, पण बाहेर पायऱ्यांवर.

"माणसं उन्हात होती म्हणून आणली, ते फुकट," भोंगा म्हणाली. "पुढचं काम पगारी. आणि सगळ्यांना."

आतली टेबलं रिकामी. नावं लिहायला कुणी नाही, फरशी पुसायला कुणी नाही. रांगेतल्या एका आजोबांनी काठी आपटली. "अहो साहेब, ह्यांना घ्या नाहीतर तुम्ही पुसा!" साहेबांनी फोन लावला. हो सर, नाही सर, रांग रस्त्यापर्यंत गेलीय सर. कपाळावरचा घाम पुसून झाला, तेव्हा कुठं म्हणाले, "घेतलं. सगळ्यांना घेतलं. साथ असेपर्यंत."

केसपेपरवाली ताई हसत हसत आत पळाली. मावशीनं बादली शोधली. फवारणीवाला मात्र पायरीवरून उठेना.

"म्हणजे ताई," तो म्हणाला, "आता देवाकडे मागायचं तरी काय? साथ जाऊ दे म्हणायचं, की राहू दे?"

रांगेतली पहिली आजी पायरीशी येऊन थांबली होती. भोंगानं तिचा हात धरला आणि तिला सावकाश आत नेलं.